एफ-वन दाबायला रोज कोण जाणार?

प्रश्न : ताई, आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात जुना डेस्कटॉप आहे, त्यावर वजनकाट्याच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर चालतं. मशीन चालू आहे का, डिस्क किती भरली, हे दिसावं म्हणून मी त्यावरच डॉकरमध्ये (प्रत्येक सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारी सोय) प्रोमिथियस (मशीनचे आकडे गोळा करणारं) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख दाखवणारं) बसवलं. आठ दिवस छान चाललं. मग वादळात रात्री लाईन गेली. सकाळी जाऊन नेहमीप्रमाणे कीबोर्डवरचं एफ-वन दाबलं, मशीन सुरू झाली, पण ग्राफाना उघडेना. कंटेनर काढून पुन्हा उभे केले, तर सगळे आलेख कोरे. मशीन कधीकधी तारीखही जुनीच दाखवते. डॉकर काढून सगळं थेट बसवू का? आणि हे घरून मोबाइलवर पाहायचं तर काय करावं? वेबसाइटसाठी भाड्याने घेतलेला एक छोटा सर्व्हर आमच्याकडे आहे.
– एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, डॉकर काढू नका. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘नेहमीप्रमाणे’ हा आहे. लाईन आल्यावर दर वेळी एफ-वन दाबावं लागतं आणि तारीख मागे जाते, ही दोन्ही लक्षणं एकाच दुखण्याची आहेत. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपलाय.

आर्वीजवळच्या आमच्या गावी वाचनालयाच्या मशीनला हेच झालं होतं. दोन रविवार मी लिनक्स पुन्हा पुन्हा बसवण्यात घालवले. शेवटी झाकण उघडलं. आत बोटभर धूळ, पंख्याच्या पात्यांना कापसाचे तंतू चिकटलेले. शेजारच्या मोटर वायंडिंगवाल्याकडून मीटर आणून सेल मोजला. ३ व्होल्टचा सेल १.९ दाखवत होता. नवा घातला आणि तेव्हापासून त्या मशीनने एफ-वन मागितलेलं नाही.

हा सेल तुमच्या आलेखांनाही नडतो. लाईन गेली की मशीनचं घड्याळ त्याच्या जोरावर चालतं. सेल मेला की घड्याळ मागे जातं, आणि इंटरनेट येऊन वेळ दुरुस्त होईपर्यंत मशीन जुन्याच तारखेत जगते. प्रोमिथियस प्रत्येक आकड्यावर वेळेचा शिक्का मारतो आणि आधीच्या नोंदीपेक्षा जुन्या वेळेचा आकडा वेगळं सांगितल्याशिवाय घेत नाही. आपल्याकडे लाईन आली तरी टॉवर उठायला कधी अर्धा तास लागतो. तेवढा वेळ आलेखात खड्डा पडतो आणि आपण दोष डॉकरला देतो.

म्हणून आधी सेल बदला. मशीन बंद करा, वायर काढा, मगच हात घाला. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तारीख लावा आणि लाईन आल्यावर मशीनने आपोआप सुरू व्हावं, ही सोय चालू करा. ती बहुतेक वेळा पॉवरच्या पानावर असते. सेल आधी सांगितला त्याचं हेही कारण : जुन्या मदरबोर्डवर सेलशिवाय ही सेटिंगही पुसली जाते.

आता कोऱ्या आलेखांचं. कंटेनर काढला की त्याच्या पोटात लिहिलेलं त्याच्याबरोबर जातं. जपायचं ते बाहेर, नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेरच्या साठ्यात, ठेवावं लागतं. प्रोमिथियसचा डेटा ‘/प्रोमिथियस’ या फोल्डरमध्ये असतो, ग्राफानाचा ‘/व्हार/लिब/ग्राफाना’ मध्ये. कंपोज फाइलमध्ये, म्हणजे कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेल्या फाइलमध्ये, दोन्हींना स्वतंत्र व्हॉल्यूम जोडा. तिथेच ‘रीस्टार्ट’ पुढे ‘अनलेस-स्टॉप्ड’ लिहा. ही ओळ नसेल तर मशीन उठली तरी कंटेनर निजलेलेच राहतात, त्या सकाळी तुमच्याकडे तेच झालं. प्रोमिथियस सांगितल्याशिवाय फक्त १५ दिवसांचंच जपतो, तेही लक्षात ठेवा. मागच्या हंगामाशी ताडून पाहायचं असेल तर मुदत वाढवून घ्या.

आणखी एक ओळ हात जोडून सांगते. डॉकर कंटेनरचे लॉग, म्हणजे कामकाजाच्या नोंदी, लिहीतच राहतो, मर्यादा आपण घालावी लागते. एका फाइलला १० एमबी आणि अशा ३ फाइली, एवढं पुरे. मी हे केलं नव्हतं. मे महिन्यात, टिनाच्या छताखालच्या त्या खोलीत, एका दुपारी डिस्क १०० टक्के भरली आणि वाचनालयाच्या पुस्तकांच्या नोंदी अडल्या. मशीनवर नजर ठेवायला बसवलेल्या कंटेनरच्याच लॉगने ती भरली होती. तुमच्याकडे तर काट्यावर ट्रॅक्टर उभे असतात. पावती निघाली नाही तर कास्तकार उन्हात ताटकळतो.

तुमच्या प्रश्नात नसलेली पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता सांगते. मशीनवर नजर ठेवणारं सगळं तुम्ही त्याच मशीनवर बसवलंय. ती पडली की राखणदारही पडला, मग सांगणार कोण? हरभऱ्यात डुकरं शिरू नयेत म्हणून आपण जागलीला जातो ते पाहत बसायला नाही, वेळेवर आरोळी द्यायला. रात्री अडीच वाजता डॅशबोर्ड कोणीही उघडून पाहत नाही.

त्यासाठी तुमच्या भाड्याच्या सर्व्हरवर अपटाइम कुमा हा एकच हलका कंटेनर चालवा. त्यात ‘पुश’ प्रकारची नोंद करा. तो एक पत्ता देतो, आणि ऑफिसची मशीन दर मिनिटाला त्या पत्त्यावर हाक देते. हाक थांबली की कुमा टेलिग्रामवर तुम्हाला निरोप धाडतो. मशीन स्वतः बाहेर हाक मारते, त्यामुळे ऑफिसच्या सिमवरच्या इंटरनेटला कायमचा पत्ता नसला तरी अडत नाही.

पण लगेच ओरडायला लावू नका. मी लाईन गेली की निरोप, असं ठेवलं होतं. मृगाच्या तोंडावर रात्रभर फोन वाजत राहिला, मी तो बंद करून झोपले, आणि त्याच आठवड्यात खरोखरची बिघाडाची खबर हुकली. आता अर्धा तास हाक आली नाही तरच मला निरोप येतो. तुम्हीही तुमच्या फीडरचा स्वभाव पाहून वेळ ठरवा. आणि निरोप ज्याच्याकडे ऑफिसची किल्ली आहे त्याच्या फोनवरही जाऊ द्या.

घरून पाहायचं तर ग्राफानाचं ३००० नंबरचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत यायचं दार, जगाला उघडं करू नका. उबुंटू लिनक्सच्या फायरवॉलमध्ये ते बंद केलं म्हणून निर्धास्त राहू नका, कारण डॉकर स्वतःचे नियम लावतो आणि त्याने उघडलेलं पोर्ट त्या फायरवॉलला जुमानत नाही. कंपोजमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे ते मशीनपुरतंच राहील. भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्ड, म्हणजे इंटरनेटवरून खासगी जोडणी करणारं सॉफ्टवेअर, बसवा. ऑफिसची मशीन आणि तुमचा मोबाइल दोघंही त्याला जोडले जातील आणि तिथून एकमेकांना भेटतील. मग १२७.०.०.१ च्या जागी ऑफिसच्या मशीनचा वायरगार्डचा पत्ता घाला. ऑफिसच्या बाजूला दर २५ सेकंदांनी जोडणी जागी ठेवण्याची सोय लावा, नाहीतर सिमचं नेटवर्क ती तोडतं. ग्राफानाचं पहिलं नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’ असतं, ते बदललं नसेल तर आजच बदला.

एवढं झालं की एका संध्याकाळी, काटा बंद झाल्यावर आणि पावत्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेतल्यावर, मशीन रीतसर बंद करा आणि ऑफिसचा मेन स्विच पाडा. तुमच्या ठरलेल्या वेळेनंतर फोन वाजतो का पाहा. मग स्विच चढवा आणि कीबोर्डला हात न लावता बसून राहा : मशीन आपली आपण उठते का, तारीख बरोबर आहे का, आलेख जिथे थांबला होता तिथून पुढे सरकतो का. सोयाबीन काट्यावर यायच्या आत हे करून घ्या.