जुनी एमजीबी आणि घरची होंडा सिटी

प्रश्न : जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात १९६३ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार पाहिली. आमच्या घरच्या होंडा सिटीची ताकद तिच्याहून अधिक आहे, असे मुलगा म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर : मुलाचे म्हणणे खरे आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ पासून तयार होऊ लागलेल्या एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन सुमारे ९५ अश्वशक्ती देत असे, तर २०२० साली आलेल्या पेट्रोल सिटीचे १४९८ सीसीचे इंजिन सुमारे १२० अश्वशक्ती देते. शिवाय एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग हे संरक्षण एमजीबीमध्ये मुळीच नाही, त्यामुळे पावसात मुलाबाळांसह जायचे असेल तर मी निःशंकपणे सिटीच निवडेन.

तरीही एमजीबी चालवण्याचा आनंद वेगळाच आहे. थंड सकाळी चोक ओढून इंजिन जागे करावे लागते, इंजिनाला हवा-पेट्रोलचे मिश्रण पुरवणाऱ्या दोन एसयू कार्ब्युरेटरांच्या माथ्यावरील पितळी किंवा काळ्या टोप्या फिरवून आत थोडे तेल आहे ना हे अधूनमधून पाहावे लागते, आणि जमिनीलगत बसून पॉवर स्टिअरिंगविना वळण घेताना रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळतो. हे सुख आकड्यांत मावत नाही, असे माझे मत आहे.

गाडी घेण्याचा विचार असल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवा : २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवलेली पन्नास वर्षांहून जुनी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.