स्थळाच्या बायोडाटात 'एन-टू क्लियर' लिहिलंय. हा जेट इंजिनाचा एन-टू का?

नाही हो, मुलगा पायलट नाही. तुम्ही नेटवर शोधलंत, इंजिनाचा वेग निघाला आणि तो शिक्षणाच्या रकान्यात कसा, असा तुमचा प्रश्न. मी विमानांच्या मेंटेनन्समध्ये आहे आणि ऐरोलीत आमच्याच घरी राहून पुतणी जपानी शिकते, त्यामुळे दोन्ही एन-टू माझ्या रोजच्या ओळखीचे.

बायोडाटातला एन-टू जेएलपीटीचा, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेचा. एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड. १९८४ पासून चारच पातळ्या होत्या. जुन्या दुसरी-तिसरीत फार अंतर पडायचं म्हणून २०१० मध्ये मधे एक घातली. 'एन' निहोंगोचा, म्हणजे जपानी भाषेचा, आणि 'न्यू'चाही. एन-टूला १८० पैकी ९० लागतात, शिवाय तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९. पुतणीला पहिल्या खेपेला १०१ पडले आणि ती नापास! ऐकण्यात १७. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, हुकलं ते हुकलं. दोन दिवस घरात कोणी तिच्याशी बोललं नाही, म्हणजे तिनेच बोलू दिलं नाही.

इंजिनात मात्र वन-टू म्हणजे वरची-खालची इयत्ता नव्हे. तिथे एकात एक घातलेले दोन शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे असतात, एकमेकांना न जोडलेले. एन-वन हा समोरचा मोठा पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचा वेग, एन-टू आतल्या हाय-प्रेशर भागाचा. बोइंग ७३७ विमानावरचं सीएफएम-५६ इंजिन सुरू करताना बघा: स्टार्टर आधी एन-टूलाच फिरवतो. काटा चढत जातो, पंखा हळूहळू हलायला लागतो, एन-टू २५ टक्क्यांवर आला की इंधन सोडायचं. मग इंजिन आयडलला, म्हणजे नुसतं चालू राहण्यापुरत्या वेगाला स्थिरावलं की एन-टू साधारण ६० वर आणि एन-वन जेमतेम २० वर. रोल्स-रॉइसच्या ट्रेंट इंजिनात तीन शाफ्ट, म्हणून तिथे एन-थ्रीही असतो. (पुतणीला हे सांगितलं तर म्हणाली, "काका, मग एन-फाइव्हचं इंजिन कधी येणार?")

आकडे टक्क्यांत असतात, पण १०० म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे. ७३७ च्या त्या सीएफएम-५६ मध्ये १०० टक्के एन-वन म्हणजे मिनिटाला ५,१७५ फेरे, आणि मर्यादा १०४ टक्क्यांची. जेएलपीटीत १८० च्या वर कोणी जात नाही.

मुलाचं एन-टू खरं असेल तर मेहनत घेतलीय त्याने, कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चित्राक्षरं, काही आपोआप पाठ होत नाहीत. फक्त या परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो. तेवढं कांदेपोह्यांच्या वेळी बघून घ्या. दोन वाक्यं जपानीत बोल म्हणावं.