अमेरिकेत नव्याने आल्यावर डेंटल इन्शुरन्स कोणता घ्यावा, पीपीओ की डीएचएमओ?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे पुढचा हिशोब वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. न्यू जर्सीत नवी नोकरी, डेंटल प्लॅन निवडायला ३० दिवस. घरात तुम्ही, पत्नी आणि ८ वर्षांची मुलगी. पीपीओ (कोणत्याही डॉक्टरकडे जाता येतं, पण कंपनीशी करार असलेल्याकडे स्वस्त पडतं) घेतला तर तिघांचे मिळून महिन्याला ९२ डॉलर पगारातून कापले जाणार, डीएचएमओ (एकाच ठरलेल्या क्लिनिकमध्ये जायचं) घेतला तर ३१. पत्नीच्या एका दाढेचं रूट कॅनॉल निघण्यापूर्वी पुण्यात झालंय, कॅप बसवायची राहिली आहे. आणि ऑफिसातले सगळे म्हणताहेत, डोळे झाकून पीपीओ घ्या.

मी नऊ वर्षं इथल्याच एका दातांच्या क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्कवर आहे. क्लेम पाठवणं, नाकारलेल्या क्लेमसाठी कंपनीशी फोनवर तासन्‌तास बोलणं, आणि शेवटी पेशंटला ‘एवढे तुम्हाला भरावे लागतील’ हे सांगणं, हे माझं रोजचं काम. यातलं शेवटचं काम मला आजही जड जातं, विशेषतः समोर आपल्याकडून नुकतंच आलेलं कुटुंब असलं की. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या मनात विम्याचं चित्र ठरलेलं असतं: किरकोळ खर्च आपण करायचा, मोठं संकट आलं की कंपनीने उभं राहायचं. इथल्या मेडिकल इन्शुरन्समध्ये निदान तशी सोय आहे. वर्षभरात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार याला मर्यादा असते, ती गाठली की नेटवर्कमधला, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांकडचा, पुढचा खर्च कंपनीचा. डेंटलमध्ये हे नेमकं उलटं आहे. इथे मर्यादा असते ती कंपनीच्या खर्चाला. तुमच्या पीपीओत ‘ॲन्युअल मॅक्सिमम १५०० डॉलर’ लिहिलंय त्याचा अर्थ एवढाच, की एका माणसामागे वर्षाला १५०० दिले की कंपनी मोकळी, पुढचं सगळं तुमचं. हा आकडा महागाईबरोबर वाढलेलाही नाही. सत्तरच्या दशकात १००० डॉलरची मर्यादा सर्रास असायची, आणि आजही बरेच प्लॅन १००० ते २००० च्या मध्येच घुटमळतात.

हे असं का, त्याचं मूळ इतिहासात आहे. १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनने आपल्या मुलांच्या दातांसाठी वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियातल्या दंतवैद्यांच्या संघटनांशी बोलणी केली, आणि त्यातून ही सगळी पद्धत उभी राहिली. म्हणजे सुरुवातीपासूनच कल्पना होती ती मुलांचे दात वेळेवर तपासले जावेत, कीड वेळेवर भरली जावी, याची. डेंटल प्लॅनकडे तसंच बघा: तपासणी आणि सफाईचे आगाऊ भरलेले पैसे, वर मोठ्या कामासाठी थोडी मदत.

आता ‘१००-८०-५०’. कंपनी कशाचे किती टक्के देते, ते हे आकडे सांगतात: तपासणी, सफाई, एक्स-रे यांचे १०० टक्के, सिमेंट भरणं वगैरेचे ८०, कॅप, ब्रिज वगैरेचे ५०. रूट कॅनॉल कुठे ८० मध्ये असतं, कुठे ५० मध्ये, आणि लोक दोन प्लॅनची तुलना करताना यावरच अडून बसतात. एक उदाहरण घेऊ. नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे दाढेचं रूट कॅनॉल १००० डॉलर, आतली भर (कॅप बसण्यासाठी दाढ आधी सिमेंटने उभी करणं) २०० आणि कॅप १००० असं धरा. एकूण २२००. त्या वर्षी सफाई-तपासणीत ३५० आधीच गेले, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये तेही मर्यादेतूनच वजा होतात, म्हणून १५०० पैकी शिल्लक ११५०. रूट कॅनॉल ८० टक्क्यांत असेल तर ५० डॉलर डिडक्टिबल (कंपनीच्या आधी तुम्ही भरायची रक्कम) वजा करून कंपनीचा वाटा ७६० अधिक ६००, म्हणजे १३६० होतो, पण शिल्लकच ११५० असल्यामुळे मिळतात ११५०. ५० टक्क्यांत असेल तर ४७५ अधिक ६००, म्हणजे १०७५. टक्केवारीत एवढा फरक, हातात पडतो तो ७५ डॉलरचा. मोठं काम निघालं की मर्यादाच सगळं ठरवते, म्हणून पत्रक हातात आलं की टक्क्यांच्या आधी तो आकडा बघा, आणि सफाईचे पैसे त्यातून वजा होतात का हे विचारा.

पीपीओत सगळ्यात जास्त लोक फसतात ते मात्र एका साध्या वाक्याला. क्लिनिकला फोन केला, ‘तुम्ही माझा इन्शुरन्स घेता का?’ विचारलं, पलीकडून ‘हो, घेतो’ आलं. यात खोटं काही नसतं. जवळपास प्रत्येक क्लिनिक कोणत्याही पीपीओला क्लेम पाठवू शकतं. पण नेटवर्कमध्ये असलेल्या डॉक्टरने कंपनीशी दर ठरवलेले असतात आणि त्यावर एक डॉलरही तो तुमच्याकडून मागू शकत नाही. नेटवर्कबाहेरचा डॉक्टर स्वतःचा दर लावतो. कंपनी तिला योग्य वाटेल त्या रकमेवर टक्के काढते, आणि मधली सगळी तफावत तुमच्या माथी. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘तुम्ही या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आहात का?’ आणि कार्डावरचं नेटवर्कचं नाव जसंच्या तसं वाचून दाखवा. एकाच कंपनीची दोन नेटवर्कं असू शकतात. डेल्टा डेंटलचं पीपीओ वेगळं आणि प्रीमियर वेगळं.

बारीक अटींपैकी दोन-तीन आपल्या लोकांना हमखास नडतात. सफाई ‘वर्षातून दोनदा’ आणि ‘६ महिन्यांतून एकदा’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं असेल तर ६ महिने पूर्ण व्हायला दोन दिवस कमी असतानाही क्लेम परत येतो. दाढेत पांढरं सिमेंट भरलं तरी काही प्लॅन चांदीच्या दरानेच पैसे देतात, फरक तुम्ही भरायचा. आणि भारतातून आल्यावर पहिल्याच भेटीत पुष्कळांना ‘डीप क्लीनिंग’, म्हणजे हिरड्यांखालची सफाई, सांगितलं जातं. त्याचे पैसे जबड्याच्या एकेका चतुर्थांशाला वेगळे लागतात, आणि ते बहुधा १०० टक्क्यांत बसत नाही. असं सांगितलं तर घाबरू नका, लगेच होही म्हणू नका. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली मोजलेला तक्ता मागा. साधारण ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खोली आणि एक्स-रेमध्ये हाड झिजलेलं दिसणं, याशिवाय इन्शुरन्स कंपन्याही ते सहसा मंजूर करत नाहीत. तक्ता खरंच तसं सांगत असेल तर मात्र करून घ्या. हिरड्या गेल्या की चांगले दातही हलायला लागतात.

‘मिसिंग टूथ क्लॉज’ बद्दल घरचाच अनुभव सांगते. माझ्या नवऱ्याची एक दाढ आम्ही इकडे येण्याच्या वर्षभर आधी नाशिकला काढली होती. इथे आल्यावर इम्प्लांट करायचं ठरलं, प्लॅनमध्ये इम्प्लांटला ५० टक्के लिहिलेलं होतं, आम्ही निश्चिंत. पहिला टप्पा झाल्यावर क्लेम नाकारल्याचं पत्र आलं: दात प्लॅन सुरू होण्याआधी गेलेला आहे, म्हणून त्या जागेवर काही बसवण्याचे पैसे मिळणार नाहीत. तेव्हा मी या क्षेत्रात नव्हते. ते पत्र तीनदा वाचूनही मला कळलं नव्हतं की आमची चूक काय झाली. बचतीतले पैसे काढून आम्ही ते काम पुरं केलं. तुम्हा तिघांपैकी कुणाचा दात आधीच पडलेला किंवा काढलेला असेल, तर ही अट आहे का एवढं आजच बघा. शिवाय मोठं काम काढायच्या आधी क्लिनिकला ‘प्री-डिटरमिनेशन’ पाठवायला सांगा. डॉक्टर एक्स-रेसकट कंपनीला आधीच विचारतो आणि कोण किती देणार याचा लेखी अंदाज येतो. दोन-चार आठवडे जातात, पण दुखणं तातडीचं नसेल तर थांबावं. आम्ही हे केलं असतं तर निदान आधी कळलं असतं.

आता डीएचएमओ, ज्याला सगळे नाक मुरडतात. यात आधी एक ठरावीक डॉक्टर निवडायचा, त्याच्याकडेच जायचं, तज्ज्ञाकडे जायचं तर त्याची चिठ्ठी लागते, आणि नेटवर्कबाहेर तातडीचा प्रसंग सोडून काही मिळत नाही. पण बहुतेक डीएचएमओत वार्षिक मर्यादा नसते, डिडक्टिबल नसतं, आणि प्रत्येक कामाला तुम्ही किती भरायचं याचा छापील तक्ता असतो. तक्रारी येतात त्यांचं कारण पैशांच्या रचनेत आहे: क्लिनिकला दर माणशी दरमहा थोडी ठरलेली रक्कम मिळते, मग तुम्ही या किंवा न या. त्यामुळे काही क्लिनिकं नव्या पेशंटला लांबच्या तारखा देतात. काही ठिकाणी मात्र फार मनापासून काम होतं. म्हणजे डीएचएमओ चांगला की वाईट हे प्लॅनवर कमी आणि तुमच्या घराजवळच्या त्या एका क्लिनिकवर जास्त अवलंबून आहे.

तुमचाच हिशोब करू. पीपीओचे वर्षाचे ११०४ डॉलर. पत्नीच्या दाढेला आतली भर आणि कॅप मिळून १२०० लागले, तर ५० वजा करून निम्मे म्हणजे ५७५ कंपनी देईल, ६२५ तुम्ही. एकूण १७२९. डीएचएमओचे वर्षाचे ३७२. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात कॅपला ३५० आणि भरीला ६० आहेत, म्हणजे ७८२. तिघांची सफाई-तपासणी दोन्हीकडे फुकट आहे, ती सोडून देऊ. फरक जवळजवळ साडेनऊशे डॉलरचा. नव्या देशात पहिल्या वर्षी, घराचं डिपॉझिट आणि गाडीचा खर्च एकदम अंगावर आलेला असताना, ही रक्कम लहान नाही.

म्हणून माझं मत ऑफिसातल्यांपेक्षा वेगळं आहे. यादीतल्या तीन डीएचएमओ क्लिनिकना उद्याच फोन करा. नवे पेशंट घेता का, पहिली तारीख किती आठवड्यांनी, आणि ३५० मध्ये कोणत्या प्रकारची कॅप येते हे विचारा. हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण झिर्कोनिया किंवा पोर्सिलेनला पुष्कळदा वरून पैसे लागतात. एखादं क्लिनिक वीसेक मिनिटांच्या अंतरावर असेल आणि दोन-तीन आठवड्यांत तारीख देत असेल, तर या वर्षी डीएचएमओच घ्या. तिन्हीकडून टोलवाटोलवी झाली तर पीपीओ, मनात किंतु न ठेवता. पण काहीच न घेता ३० दिवस जाऊ देऊ नका. नंतर उशिरा आत येणाऱ्याला कॅपसारख्या कामासाठी १२ महिने थांबायला लावणारे प्लॅन बरेच आहेत, आणि पत्नीची दाढ तेवढं थांबणार नाही.

मुलीसाठी पुढचं एक ध्यानात ठेवा. सध्या तिला लागणार ती सफाई, फ्लोराइड आणि नव्या दाढांवर सीलंट (कीड लागू नये म्हणून लावायचा पातळ थर), ते दोन्ही प्लॅनमध्ये आहे. दात सरळ करायला तारा लावायची वेळ साधारण ११-१२ व्या वर्षी येते. तुमच्या पीपीओत त्यासाठी ५० टक्के, पण आयुष्यभरात मिळून १५०० आणि आधी १२ महिने थांबायची अट. तेव्हा ती १० वर्षांची होईल त्या सुमारास ओपन एनरोलमेंटमध्ये (वर्षातून एकदा प्लॅन बदलायची मुदत) दोन्ही प्लॅन पुन्हा समोर ठेवून बघा. तारांचे पैसे कंपनी उपचार चालू असेपर्यंत हप्त्याहप्त्याने देते. मध्येच नोकरी बदलली तर उरलेले हप्ते थांबतात, आणि नवी कंपनी आधीच सुरू असलेलं काम घेईलच असं नाही. एच-१बी व्हिसावर नोकऱ्या बदलत राहतात, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते.

आणि एक काम आज रात्रीच करा, तेव्हा तिकडे सकाळ असेल. पुण्याच्या डॉक्टरांकडून पत्नीच्या दाढेचे रूट कॅनॉलच्या आधीचे आणि नंतरचे एक्स-रे तारखेसकट मागवून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवले तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर धूसर होतात. सोबत क्लिनिकच्या लेटरहेडवर इंग्रजीत दोन ओळी हव्यात: कोणती दाढ, काम कधी पूर्ण झालं. कॅपचा क्लेम तपासताना कंपनी हेच मागते, आणि कागद नसला की महिनोन्‌महिने अडकून पडतो. दाढेवर आत्ता तात्पुरतं सिमेंट असेल तर पत्नीला त्या बाजूने सुपारी, चिक्की, भाजलेले दाणे खाऊ देऊ नका. रूट कॅनॉल झालेली दाढ ठिसूळ असते, उभी चिरली तर बहुतेक वेळा काढावीच लागते.