ओट्याखालची कपाटे आणि सुताराची पारख

प्रश्न : सांगलीत नदीकाठच्या आमच्या घरात २०१९ च्या महापुरात ओट्याखालची पार्टिकल बोर्डाची कपाटे फुगून निकामी झाली. आता कोणते साहित्य घ्यावे आणि सुतार कसा निवडावा?

उत्तर : पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली फळी, तिच्या कडेतून एकदा पाणी शिरले, की ती फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. ओट्याखाली आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवूड घ्यावे, कारण त्याच्या थरांमधल्या चिकटपणाची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून होते. मात्र पुराचे गाळमिश्रित पाणी घरात कित्येक दिवस साचून राहते, तेव्हा त्याचाही भरवसा धरता येत नाही. म्हणून तुमच्या घरी कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे करून प्लायवूड केवळ दारांपुरते वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भिंतीवरच्या कपाटांना साधे प्लायवूड पुरते.

सुताराचे दोन-तीन वर्षे वापरातले काम पाहावे. दर्शनी बाजू सगळेच चकचकीत करतात; आपण खणाच्या मागच्या कडेवर बोट फिरवून ती पट्टीने झाकली आहे की उघडी, हे पाहावे. मजुरी चौरस फुटावर असल्यास मोजणी दर्शनी भागाची की आतल्या कप्प्यांसह, हे आधीच लिहून घ्यावे.