सॅन होजेहून ऑस्टिनला नोकरी, कुटुंब जूनपर्यंत सॅन होजेलाच: कॅलिफोर्नियाचा टॅक्स सुटतो का?

तुम्ही ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला रुजू झालात, जूनमध्ये मुलांची शाळा संपेपर्यंत पत्नी कॅलिफोर्नियात सॅन होजेलाच राहणार आहेत, आणि टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्स नाही म्हणजे ऑगस्टपासूनचा पगार सुटला का, असं विचारलंय. पूर्ण सुटत नाही. मीही बे एरिया (सॅन होजेचाच परिसर) सोडून टेक्सासमधल्या डॅलसला आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यंदा तुम्ही कॅलिफोर्नियाचे पार्ट-इयर रेसिडेंट, म्हणजे वर्षाचा काही भागच तिथले रहिवासी; अशांसाठीचा कॅलिफोर्नियाचा रिटर्न फॉर्म ५४०-एनआर. ऑगस्टपर्यंतचा पगार तिथे करपात्र आहे हे उघडच आहे. मात्र दर काढताना वर्षभराचं एकूण उत्पन्न धरतात, त्यामुळे टक्का अंदाजापेक्षा चढा निघतो. जुन्या कंपनीचा बोनस तुम्ही निघाल्यावर आला तरी कॅलिफोर्नियाचाच, कारण काम तिथे केलेलं.

खरं घोडं पेंड खातं ते पुढे. कॅलिफोर्निया आणि टेक्सास दोन्ही कम्युनिटी प्रॉपर्टी राज्यं आहेत, म्हणजे संसारात असताना मिळवलेला पगार कायद्याने दोघांचा निम्मा-निम्मा. पत्नी कॅलिफोर्नियाच्या रेसिडेंट आहेत तोवर तुमच्या ऑस्टिनच्या पगारातला त्यांचा अर्धा वाटा कॅलिफोर्नियात करपात्र ठरतो. महिन्याला १०,००० डॉलर पगार असेल तर ५,००० तिथल्या हिशेबात. जूनपर्यंत हे चालणार, म्हणून पुढच्या वर्षीही ५४०-एनआर भरावा लागेल. तुम्ही फ्लोरिडाला स्थायिक झाला असतात तर गणित वेगळं झालं असतं, कारण तिथे हा नियम नाही. पगारातून कॅलिफोर्नियाचा टॅक्स कापला जात नसणार, तेव्हा तेवढी रक्कम आतापासूनच बाजूला काढा किंवा तिमाही एस्टिमेटेड टॅक्स (अंदाजाने आगाऊ भरायचा टॅक्स) भरा. एप्रिलमध्ये एकदम बोजा पडला की घर हलवण्याच्या खर्चात फार ओढाताण होते.

दुसरं, कुटुंब मागे असलं की 'हा माणूस खरंच गेला का?' असा प्रश्न फ्रँचाइझ टॅक्स बोर्ड, म्हणजे कॅलिफोर्नियाचं इन्कम टॅक्स खातं, विचारू शकतं. तेव्हा नुसतं ऑफर लेटर पुरत नाही. टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स ९० दिवसांत आणि गाडीची नोंदणी ३० दिवसांत करायचीच असते, ती वेळेत करा. ऑस्टिनचा लीज, सामान नेणाऱ्यांचं बिल, विमानाची तिकिटं हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आहे म्हणून काही फरक पडत नाही, राज्याची रेसिडेन्सी व्हिसावर ठरत नाही.

सॅन होजेला मुलांना भेटायला जाल तेव्हा लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम केलंत, तर त्या दिवसांचा पूर्ण पगार कॅलिफोर्नियाचा होतो. शक्यतो सुट्टी घेऊनच जा.

जानेवारीत दोन्ही कंपन्यांचे डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारे फॉर्म) आले की आधी १५, १६ आणि १७ नंबरचे रकाने बघा; त्यांत राज्य, त्या राज्यातला पगार आणि तिथे कापलेला टॅक्स असतो. नव्या कंपनीच्या पेरोलवर अजून सॅन होजेचा पत्ता असेल तर तिथे कॅलिफोर्निया छापून येतं. पत्ता आजच बदलून घ्या. आणि सीपीए (टॅक्सचं काम बघणारा परवानाधारक अकाउंटंट) निवडताना कम्युनिटी प्रॉपर्टीची विभागणी पूर्वी केली आहे का, हे आधी विचारा.