वर्तमानपत्रातली राजकीय व्यंगचित्रं धर्म आणि राजकारण कसं दाखवतात? सगळ्या धर्मांना सारखं वागवतात का?

कॉलेजच्या प्रकल्पासाठी विचारलंय हे कळलं, पण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. ठाण्यात बसून वर्तमानपत्रासाठी व्यंगचित्रं काढणाऱ्या माझ्यासारख्याला "सगळ्यांना सारखं वागवलंय ना?" हे वाचकाच्या आधी संपादक विचारतो, आणि बरीच चांगली चित्रं तिथेच मरतात.

आधी कसं दाखवतात ते. मराठी पानावर धर्म तीन वाटांनी येतो. पहिली वाट पुराणाची: रावण, कुंभकर्ण, भस्मासुर, धृतराष्ट्र. पोशाख पुराणातला, माणूस आजचा, त्यामुळे सहसा कुणी दुखावत नाही. दुसऱ्या वाटेने देव स्वतः पानावर येतो. भाद्रपदात घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत अडकलेला गणपती किंवा डीजेपुढे कान झाकलेला गणपती लोक हौसेने कापून ठेवतात, कारण तिथे देव तक्रार करणाऱ्याच्या बाजूला उभा असतो. तिसरी वाट सगळ्यांत आळशी. माणसाला दाढी आणि गोल टोपी, शेंडी आणि जानवं किंवा गळ्यात क्रूस चिकटवला की झाला धर्म. वाचक चौकटीवर चार-पाच सेकंद थांबतो, त्यामुळे खुणेने काम भागतं हे खरं. पण मग दोष त्या खुणेच्या सगळ्या माणसांवर जातो आणि ज्या पुढाऱ्याबद्दल बोलायचं होतं तो बाजूला राहतो.

देव काढायचाच असेल तर विठोबावर हात बसवावा. मूर्ती समोरून, हात कटेवर, पाय विटेवर, चेहरा मूर्तीत आहे तितकाच शांत. भुवया चढवल्या की देवाच्या तोंडून चित्रकार बोलायला लागतो, आणि देव तुमच्या पक्षात कधी आला हा प्रश्न रास्त ठरतो. हालचाल सगळी नेत्याला द्यायची. जुलै २०१८ मध्ये मराठा आंदोलनामुळे मुख्यमंत्री फडणवीस आषाढीच्या महापूजेला पंढरपूरला गेले नव्हते. त्यावर चित्र करायचं तर विठोबाने काही करायची गरजच नाही. मूर्तीपुढे तयार ठेवलेलं पूजेचं ताट आणि रिकामा पाट, एवढं पुरतं.

आता अशाच एका चित्रावरून माझा संपादकांशी झालेला वाद. १२ एप्रिल २०२२ ला ठाण्यात राज ठाकरे यांची उत्तर सभा झाली. मशिदींवरच्या भोंग्यांसाठी ३ मेची मुदत दिली गेली आणि पुढचे काही दिवस सगळीकडे भोंगा एके भोंगा. त्यावरच्या चित्रात मी मशीद काढली नव्हती आणि देऊळही नव्हतं. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या चाळीचा सार्वजनिक नळ, नळाच्या तोंडाला बसवलेला भोंगा, खाली हंडा लावून उभी बाई. नळाच्या चावीवर एक हात: पांढरी बाही, मनगटाला गंडा, बोटांत अंगठ्या. चेहरा नाही, पक्षाचं नाव नाही, संवाद नाही.

संपादकांचं म्हणणं पडलं, यात धर्म कुठे दिसतोय? मागे मशीद काढा. लगेच पुढचं वाक्य: नुसती मशीद एकतर्फी वाटेल, दुसऱ्या कडेला देऊळ घ्या आणि दोन्हीवर भोंगे चढवा.

ही मागणी मला तेव्हाही चुकीची वाटली आणि आजही वाटते. कारण हिशेबाने सांगतो. तीन कॉलमचं चित्र म्हणजे छापून साधारण १२ सेंमी रुंदी. मूळ कागदावर ते दीडपट, म्हणजे १८ सेंमीवर काढायचं. त्यात नळ आणि भोंगा मिळून अर्धी उंची होती आणि बाईचा चेहरा छापून दीड सेंमीचा येत होता. तेवढ्यात थकवा दाखवता येतो. दोन्ही कडांना मिनार आणि कळस उभे केले की मधे चार-पाच सेंमी उरतात आणि चेहरा अर्ध्या सेंमीवर येतो. त्यात वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, रेघ फुगते, बारीक जाळीकाम छापून आलं की काळा डाग दिसतो. म्हणजे बाई गेली, हंडा गेला आणि चावीवरचा हात तर शोधूनही सापडत नाही. कृष्णधवल पान असेल तर भगवा आणि हिरवा दोन्ही करडे होतात, मग कळस आणि चंद्रकोर आणखी मोठे काढायला लागतात. शेवटी उरतात दोन इमारती आणि दोन भोंगे. वाचक म्हणणार, हे दोन धर्म पुन्हा भांडायला लागले. चावी कुणी फिरवली आणि पाण्याचं काय झालं, हे दोन्ही प्रश्न पानावरून पुसले गेले. समतोल साधला आणि पुढारी सुटला.

तेव्हा सारखं वागवतात का, तर एका चौकटीत नाही, आणि वागवूही नये. त्या दिवशी ज्याने मतांसाठी धर्माला हात घातला त्याच्यावर त्या दिवसाचं चित्र. उद्या दुसऱ्याने घातला तर उद्याचं त्याच्यावर, तितक्याच जाड रेघेने. समतोल बघायचा तर वर्षभराची पानं काढून बघा.

भडका उडतो तिथे पुष्कळदा एखादी वस्तू चुकीच्या जागी पडलेली असते. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'लोकमत'मध्ये आयसिसच्या पैशावर लेख होता, सोबत पिगी बँकेचं चित्र. लेखाचा रोख दहशतवाद्यांवर, पण डुकराच्या आकृतीवर अरबीतली पवित्र अक्षरं आली. कार्यालयांवर हल्ले झाले, वर्तमानपत्राने माफी मागितली. आपल्याला वाचता न येणारी लिपी नक्षीसारखी वापरायची नाही, हा नियम तेव्हापासून तरी प्रत्येक चित्र विभागात भिंतीवर लावायला हवा होता. पान सोडण्याआधी तीन जागा बोट ठेवून तपासायच्या: पायांखाली काय आहे, चपलेशेजारी काय आहे, प्राण्याच्या अंगावर काय आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये 'सामना'तल्या मराठा मोर्चावरच्या चित्रावरून नवी मुंबईतल्या त्यांच्या कार्यालयावर दगड पडले आणि उद्धव ठाकरे यांना माफी मागावी लागली. तिथे विषय जातीचा होता, पण घसरण तीच. बाण मोर्चात चालणाऱ्या साध्या माणसांवर गेला.

तारीख आणि नावाची पट्टी चौकटीच्या आतच लिहा. खाली लिहिलेली ओळ व्हॉट्सॲपवर कापली जाते आणि जुनं चित्र आजच्या दंगलीवरचं म्हणून फिरतं. व्यंगचित्रकार शंकर यांचं राज्यघटनेवरचं, गोगलगायीवर बसलेल्या आंबेडकरांचं चित्र १९४९ चं. ते एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात होतं म्हणून २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला आणि त्या पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुण्यातल्या कार्यालयावर हल्लाही झाला. चित्र जुनं आहे हे माहीत असूनही एवढं झालं. माहीत नसतं तर काय, याचा विचार करा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ (आधीचं २९५अ) जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कलम १९६ गटागटांत वैर पसरवण्याबद्दल. हेतू सिद्ध व्हायला वेळ लागतो, तक्रार मात्र एका दिवसात होते, म्हणून संपादक घाबरतात, आणि ती भीती खोटी नाही. पैगंबरांचं चित्र काढायचं नाही हेही पाळा. आपल्याला बोलायचंय ते इथल्या पुढाऱ्यांबद्दल, त्यासाठी त्याची गरज कधीच पडत नाही.

प्रकल्पासाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या अंकांची चौकशी करा आणि एका वर्तमानपत्राची सलग चित्रं घ्या. प्रत्येक चित्रापुढे कोणत्या धर्माची खूण आहे एवढंच लिहून थांबू नका. कृती कोण करतंय, ते लिहा. दुसऱ्या धर्माची खूण असेल तर ती कुठे आहे ते बघा. कडेला, छोटी, पातळ रेघेची आणि चौकटीतल्या कुणाच्याच नजरेच्या वाटेत नसलेली दिसली, तर ती बहुधा मागाहून घालायला लावलेली असते.