साठीतला गिरणी कामगार उभा करायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न असा आहे: मी नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे, वय वीस. एकांकिकेत सोलापूरच्या निवृत्त गिरणी कामगाराची भूमिका मिळालीय. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की, अमेरिकेतली मेथड अॅक्टिंग, भरतमुनींचे चार अभिनय, सगळं वर्गात झालंय. पण तालमीत उभा राहिलो की मी मीच राहतो. भूमिकेत शिरायचं कुठून?

मी सोलापूरचीच, त्यामुळे अरे-तुरे करते, राग मानू नकोस. पोटापाण्याला बँक आणि पंधरा-सोळा वर्षं हौशी नाटक. शिकवायचा अधिकार काही नाही, पण तू ज्या खड्ड्यात आहेस त्यात मी एकदा चांगली आपटलेय, तेवढं सांगते.

राज्य नाट्य स्पर्धेच्या एका नाटकात मला विडी कामगार बाईची भूमिका होती. दुसऱ्या अंकात ती विड्या वळत बसलेली असते आणि मुलगा अपघातात गेल्याचा निरोप येतो. मी तेव्हा भावनिक स्मृतीबद्दल नुकतंच वाचलेलं. म्हणजे आपल्या आयुष्यातला तसाच प्रसंग आठवायचा, त्यातला वास, आवाज, स्पर्श जागा करायचा आणि आलेली भावना पात्राला द्यायची. मी माझी आजी गेली तो दिवस काढला. दवाखान्याची फरशी, फिनेलचा वास, आजीच्या हातातल्या काचेच्या बांगड्या. पहिले चार दिवस धो धो रडले. तालमीतले सगळे गप्प. म्हटलं, जमलं!

पाचव्या दिवशी टिपूस नाही. आठव्या दिवशी तर आजी आठवायच्या नादात पुढचं वाक्यच विसरले. दिग्दर्शकांनी तालीम थांबवली आणि म्हणाले, "रडलालीस छान. पण रडतंय कोण? बँकेतल्या मॅडम." घरी येताना अपमानापेक्षा दुसरंच काहीतरी खात होतं. आजीला मी आठ दिवस रोज संध्याकाळी सात वाजता मारत होते.

मग पूर्व भागात ओळखीच्या एक अक्का होत्या, त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. पहिल्या दिवशी वही-पेन घेऊन गेले, हा मूर्खपणा. तिसऱ्या दिवशी वही घरी ठेवली. अक्कांच्या मांडीवर सूप. भिजवून मऊ केलेली पानं साच्यावर ठेवून कात्रीनं कापलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. एक पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोऱ्याचे वेढे, दोरा तुटला, विडी सुपात. मी हे सांगायला जेवढा वेळ घेतला त्यात त्यांच्या दोन झाल्या असत्या. मी त्यांच्या बोटांकडे डोळे फाडून बघत होते, तर म्हणाल्या, "हाताकडं काय बघलालीस? तोंडाकडं बघून बोल की."

तिथं माझी ट्यूब पेटली. त्या स्वतः हाताकडे बघतच नव्हत्या. टीव्हीकडे, दाराकडे, गल्लीतल्या पोरांकडे, सगळीकडे बघत होत्या. आणि मी आठ दिवस सुपात डोकं घालून विड्या वळत होते, कारण मला "काम करणारी बाई" दाखवायची होती. शिवाय त्यांना दिवसाचा हजार विड्यांचा आकडा गाठायचा असतो. नीट न वळलेल्या विड्या कारखान्यात बाजूला काढतात, त्याचे पैसे नाहीत. म्हणजे त्या बाईला कुठल्याही क्षणी काहीतरी हवं असतं, आणि ते दुःख नसतं, पुढची विडी असते.

मी रोज तासभर वळायला शिकले. तंबाखूनं दोन दिवस मळमळलं, बोटांना वास राहिला, नवऱ्यानं वेगळं ताट मांडलं. वीसेक दिवसांनी हात आपोआप चालायला लागले. मग तो प्रसंग केला. निरोप आला. मी रडायचं काहीच ठरवलं नव्हतं. हात चालू राहिले. तीन विड्या झाल्या, चौथीला दोरा गुंडाळता येईना. वेढा सुटायचा, परत घालायचा, परत सुटायचा. बस, एवढंच. प्रयोगाला हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात त्या जागी खोकलासुद्धा ऐकू आला नाही.

आता तुझ्या वर्गातल्या गोष्टी. गंमत म्हणजे स्तानिस्लावस्की स्वतःही याच रस्त्यानं गेला. 1898 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर मॉस्को आर्ट थिएटर काढणारा हा माणूस आधी भावनिक स्मृतीवर भर द्यायचा, पण 1938 मध्ये जाण्याआधीच्या शेवटच्या वर्षांत तो शारीरिक क्रियांकडे वळला. या परिस्थितीत हा माणूस नेमकं काय करील ते शोधा, ते खरं करा, भावना मागून येईल. अमेरिकन अभिनेत्री स्टेला अॅडलर 1934 मध्ये पॅरिसला त्याला भेटली आणि अमेरिकेत परत येऊन तिनं तिथला अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्गच्या स्मृतीवाल्या पद्धतीला विरोध केला. आपण ज्याला सरसकट "मेथड" म्हणतो तो मुख्यतः स्ट्रासबर्गचा फाटा. त्यानं मोठे नट घडले, नाही म्हणत नाही. पण वीस वर्षांच्या पोराकडे साठ वर्षांच्या माणसाला उसनं द्यायला आठवणी असून असून किती असणार?

आणि भरतमुनींचे आंगिक (शरीर), वाचिक (बोलणं), आहार्य (वेशभूषा), सात्त्विक (आतून उमटणारं) हे परीक्षेपुरतं पाठ करून सोडू नकोस. सात्त्विक भाव आठ आहेत: स्तंभ (थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथू (थरथर), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). अश्रू आठातला एक! आपले हौशी नट तेवढ्या एकासाठी जीव टाकतात. माझा न बसणारा दोऱ्याचा वेढा म्हणजे वेपथू. हे मला नंतर कळलं, तेव्हा फक्त वेढा बसत नव्हता.

तुझ्या म्हाताऱ्याचं बोलू. कंबर वाकवून, आवाज कापरा करून सुरू केलं असशील तर आधी ते बंद कर. तो म्हातारा आहे हे प्रेक्षकांना पांढऱ्या केसांवरून दिसणार आहे. तो कुठल्या खात्यात होता ते ठरव. संहितेत नसेल तर लेखकाला विचार, तोही सांगू शकला नाही तर तू ठरव. समज, साचेखात्यात, म्हणजे मागांवर होता. आता सोलापुरात गिरण्या राहिल्या नाहीत, पण यंत्रमाग आहेत. ओळख काढ, एखाद्या कारखान्यात मालकाला विचारून तासभर उभा राहा. खटखटाटात शेजारच्याशी बोलून बघ. ऐकू येत नाही, म्हणून माणूस ओठांकडे बघतो, हातानं खुणा करतो, बोललाच तर कानाशी येऊन ओरडतो. असं तीस वर्षं केलेला माणूस घरी चहा मागतानाही ओरडूनच मागणार. सून म्हणणार, मामंजी सारखे चिडतात. तो चिडलेला नाहीच! बघ, एका सवयीतून तुला आवाज मिळाला, समोरच्याच्या ओठांवर खिळलेली नजर मिळाली आणि सुनेबरोबरचं भांडणसुद्धा मिळालं.

दुसरं, त्याला प्रत्येक प्रवेशात काय हवंय ते क्रियापदात लिही. "तो दुःखी आहे" असं लिहिलंस तर करायला काही उरत नाही. "मुलाकडून पन्नास रुपये न मागता मिळवायचेत" असं लिही, मग बघ कसा खुर्चीतून उठतोस.

आहार्याला शेवटपर्यंत लटकवू नकोस. चप्पल पहिल्या तालमीपासून घाल, जुनी, टाच झिजलेली. धोतर असेल तर धोतरातच तालीम कर. प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा नेसलेलं धोतर सावरणारा नट लांबून ओळखू येतो.

अक्का माझा प्रयोग बघायला आल्या होत्या, सुनेला घेऊन. संपल्यावर आत येऊन माझं सूप बघितलं, आतल्या विड्या मोजल्या. "एवढ्या वेळात एवढ्याच?" म्हणाल्या, आणि त्यातल्या तीन बाजूला काढल्या.